श्टुटगार्ट: बघून आलो, आता ठरवायचं

नवऱ्याला नोकरीची ऑफर देताना तिथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, कंपनीने एक शहाणपणा केला होता. आधी येऊन शहर बघा, घरच्यांना दाखवा, मग हो-नाही सांगा. आमच्या दोघांची तिकिटं त्यांची, मुलाचं आमच्या खिशातून. पुण्यातल्या शाळेला दिवाळीची सुट्टी होतीच. भाऊबीज उरकली, क्लिनिकच्या दारावर 'डॉक्टर बाहेरगावी' असा कागद चिकटवला आणि निघालो. मी दातांची डॉक्टर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं त्यावरच अडलंय.

शनिवार

फ्रँकफर्टहून रेल्वेने श्टुटगार्ट. शहराचं पहिलं दर्शन म्हणजे खोदकाम. मुख्य स्टेशन जमिनीखाली न्यायचं काम इथे २०१० पासून चालू आहे. २०१९ मध्ये संपायचं होतं, अजून संपलेलं नाही. फलाट मूळ इमारतीपासून लांब सरकवलेत, त्यामुळे गाडीतून उतरलेला माणूस बॅगा ओढत तात्पुरत्या वाटेने चालतच राहतो. स्वारगेटची मेट्रो होताना बघितलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. उलट जर्मन लोकांचीही कामं रखडतात हे बघून मला जरा बरंच वाटलं.

माझा आतेभाऊ श्टुटगार्टच्या फायहिंगन या उपनगरात राहतो. विद्यापीठाचा मोठा परिसर तिथे आहे, भारतीय चेहरे बरेच दिसतात. दादा स्टेशनवर आला होता. घरी सामान टाकून चहा होतो न होतो तोच वहिनी म्हणाली, "चला, आधी दुकानात जाऊन येऊ. उद्या रविवार." दूध, ब्रेड, भाज्या, सगळं दोन दिवसांचं. दुकानात निम्मं गाव लोटलं होतं. चिवडा, चकल्या आणि करंज्यांचे डबे आम्ही नेले होते म्हणून, नाहीतर पाहुणे म्हणून आमची लाजच गेली असती.

रविवार

पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपभर हे होतं. सकाळी एक तास जास्त झोपायला मिळाला, पण त्याची वसुली संध्याकाळी झाली: सव्वापाचला सूर्य मावळला. सहा वाजता खिडकीबाहेर मिट्ट काळोख आणि आमचे चिरंजीव विचारतायत, "जेवायची वेळ झाली का?" डिसेंबरात हे साडेचारवर येतं, असं दादा म्हणाला. दहा वर्षं इथे असूनही नोव्हेंबर त्याला जड जातो. व्हिटॅमिन डीची बाटली स्वयंपाकघरातल्या मिठाशेजारी ठेवलेली असते.

दिवसा मात्र ऊन होतं. दादाने आम्हाला टीव्ही टॉवरवर नेलं. १९५६ चा हा मनोरा २१७ मीटर उंच आहे. असा काँक्रीटचा टीव्ही मनोरा जगात आधी इथे झाला, मग त्याची नक्कल ठिकठिकाणी. वरून शहराचा घाट कळतो: चहूकडे टेकड्या आणि मधल्या खोलगटात शहर. उतारांवर द्राक्षमळे, तेही थेट शहराच्या हद्दीत. महापालिकेची स्वतःची वायनरी आहे. खोलगट असल्यामुळे हवा अडकते, म्हणून टेकड्यांवरून खाली येणाऱ्या वाऱ्याच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या, तिथे बांधकामाला आडकाठी करायची, हे इथलं जुनं धोरण. यासाठी पालिकेकडे १९३८ पासून हवामानतज्ज्ञ आहे. आमच्याकडे पुण्यात टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या (बीडीपी) आरक्षणाचं काय झालं ते आठवून मी गप्प बसले. अर्थात धोरण असूनही इथली हवा बरीच वर्षं वाईट होतीच. २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरबंदी करावी लागली, आणि तीही मर्सिडीज आणि पोर्शच्या गावात.

रविवारी आवाज करायचा नाही. ड्रिल नाही, बागेत गवत कापायचं यंत्र नाही, रिकाम्या बाटल्या काच-कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत. मुलगा घरात चेंडू आपटायला लागल्यावर वहिनीने ज्या चपळाईने तो काढून घेतला, त्यावरून खालच्या मजल्यावरच्या आजींचा दरारा कळला.

सोमवार

नवरा ऑफिसात. मी आणि वहिनी घरं बघायला. हा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही.

जाहिरातीत 'तीन खोल्या, ७८ चौरस मीटर' होतं. हॉल धरून तीन, म्हणजे आपला टू-बीएचके. आम्ही पोचलो तेव्हा जिन्यात रांग होती. प्रत्येकाच्या हातात फाईल: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, 'शुफा' नावाचा पत-दाखला, आधीच्या घरमालकाचं 'यांनी भाडं थकवलेलं नाही' असं पत्र, स्वतःची माहिती भरलेला फॉर्म. एका जोडप्याने तर स्वतःचा फोटो आणि 'आम्ही कोण' असं एक पान जोडलं होतं. पुण्यात स्थळं बघायला येतात तेव्हासुद्धा इतके कागद नसतात. नव्याने आलेल्या माणसाकडे शुफा नसतो, आधीचा जर्मन घरमालक नसतो. त्यामुळे पहिले काही महिने कंपनीने दिलेल्या सामानासकट घरात काढायचे आणि तेवढ्यात रांगेत उभं राहायचं, असा बहुतेकांचा रस्ता.

घर छान होतं. उजेड, बाल्कनी, लाकडी जमीन. मी स्वयंपाकघर शोधत होते. वहिनीने एका रिकाम्या खोलीकडे बोट दाखवलं. भिंतीतून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या, बस. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. बरेच भाडेकरू जाताना आपलं किचन उचकटून घेऊन जातात किंवा पुढच्याला विकतात. दिवेही छताला नव्हते, नुसत्या वायरी.

भाडं १,२९० युरो, ते 'थंड'. हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून 'गरम' भाडं १,५७०. वीज आणि इंटरनेट वेगळे. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं, आणि मालक सहसा तेवढीच मागतात. म्हणजे आत पाऊल टाकायच्या आधी ३,८७० युरो, वर किचनचा खर्च.

मालकीणबाईंनी सगळ्यांना जिन्याकडे नेऊन एक गोष्ट बजावली: केअरवोखे. सफाईचा आठवडा. तुमची पाळी आली की दारावर पाटी लटकते. त्या आठवड्यात जिना तुम्ही पुसायचा. मोठी पाळी असेल तर तळघर, अंगण आणि बाहेरचा फुटपाथही. थंडीत बर्फ पडला तर तोही सकाळी तुम्हीच ओढायचा. ही या श्वाबियन मुलुखाची, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशाची खासियत. शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्येच काढला, तरी भाडेकरारातून तो घरोघरी जिवंत आहे. मला स्वतःला याचा त्रास वाटला नाही. आमच्या सोसायटीत जिन्यावर पानाच्या पिचकाऱ्या कोणी मारल्या यावर दोन वर्षं बैठका चालू आहेत, तिथे ही पाटी लावून बघायला हवी. पण वहिनीचं म्हणणं वेगळं: "जिना पुसणं अवघड नाही गं. तो नीट पुसला नाही असं वरची बाई येऊन सांगते, ते अवघड आहे."

ते घर आम्हाला मिळणार नव्हतंच, आम्ही नुसतं बघायला गेलो होतो. तरी परत येताना मी मनातल्या मनात तिथे ओटा कुठे बसेल ते ठरवत होते.

मंगळवार

वहिनीच्या ओळखीने मूळच्या नागपूरच्या एका दंतवैद्य मैत्रिणीला भेटले. ती आता इथे प्रॅक्टिस करते. मार्केटहॉलजवळच्या कॅफेत तिने मला तासभरात जे सांगितलं, ते आमच्या निर्णयाचं मूळ आहे.

भारतातली बीडीएस पदवी इथे आपोआप चालत नाही. 'आप्रोबात्सिओन' हा परवाना लागतो आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात त्याची फाईल श्टुटगार्टच्या प्रशासकीय कार्यालयात जाते. आधी सर्वसाधारण जर्मन बी-टू पर्यंत (भाषेच्या पातळ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत चढत जातात). मग दंतवैद्यकाच्या भाषेची वेगळी परीक्षा, सी-वन पातळीची: रुग्णाशी बोलायचं, अहवाल लिहायचा, दुसऱ्या डॉक्टरला केस समजावायची. मग आपला अभ्यासक्रम जर्मन अभ्यासक्रमाच्या तोडीचा आहे का याची तपासणी. नाही ठरला तर ज्ञानाची परीक्षा, ज्यात हातकामही बघतात. मधल्या काळात मर्यादित मुदतीचा तात्पुरता परवाना मिळू शकतो, पण तो मिळाला तर. तिला सगळं मिळून साडेतीन वर्षं लागली. त्यातला बराच काळ ती दुसऱ्याच्या दवाखान्यात असिस्टंट होती. सक्शन धरायची, ट्रे लावायची. "भारतात माझ्या हाताखाली तीन मुली होत्या," ती हसत म्हणाली. हसण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. ती तेव्हा २७ वर्षांची होती.

मी ४१ ची आहे. कर्वेनगरचं क्लिनिक उभं करायला मला अकरा वर्षं लागली. खुर्चीचं कर्ज परवा परवा फिटलं. कवळीच्या भावावरून घासाघीस करणारे आजोबा, दर सहा महिन्यांनी 'फक्त क्लीनिंग' म्हणून येऊन तासभर सुनेबद्दल बोलणाऱ्या काकू, हे सगळं त्यात आलं. आणि माझ्या कामातलं निम्मं कौशल्य हातात नाही, तोंडात आहे. इंजेक्शन देताना "थोडं टोचेल हं, आता झालंच" हे ज्या सुरात म्हणते, त्या सुरावर घाबरलेली माणसं तोंड उघडी ठेवतात. तो सूर जर्मनमध्ये यायला सी-वन पुरेल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सी-वन पुरतं. पण पेशंट श्वाबियन बोली बोलतात." या राज्याची बरीच वर्षं जाहिरातच होती, 'आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून.'

ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा राहण्याचा परवाना. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा असते आणि व्हिसासाठी जर्मनचा दाखलाही लागत नाही. कागदावर हे फार उदार आहे. प्रश्न एवढाच की मुभा असून मी करणार काय.

बुधवार

शाळांना इथेही सुट्टी, शरद ऋतूची. त्यामुळे फायहिंगनची प्राथमिक शाळा कुंपणाबाहेरूनच पाहिली. मग मुलांना घेऊन शहर ग्रंथालयात गेलो. २०११ मध्ये कोरियन वास्तुरचनाकार यी उन-यंग यांनी बांधलेला हा पांढरा चौकोनी ठोकळा आहे. बाहेरून तुरुंगासारखा. आत शिरल्यावर मात्र वरपर्यंत पांढरे जिने, कठड्यांमागे पुस्तकं आणि छतातून येणारा उजेड. मुलांच्या मजल्यावर आमचा मुलगा आणि दादाची मुलगी जमिनीवर लोळून चित्रांची पुस्तकं बघत होती. ती जर्मनमध्ये वाचून दाखवायची, हा मराठीत अर्थाचे अंदाज बांधायचा. निम्मे बरोबर यायचे.

इथेच दादाने मला शाळेचं गणित समजावलं. चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात: थेट विद्यापीठाकडे नेणारं जिम्नेशियम, मधल्या पातळीची रिआलशूल, किंवा एकत्रित शाळा. आता या राज्यात जिम्नेशियमसाठी तीन गोष्टी बघतात, शिक्षकांची शिफारस, 'कोम्पास ४' नावाची जर्मन आणि गणिताची चाचणी, आणि आईवडिलांची इच्छा. तिघांपैकी दोन जुळल्या पाहिजेत, नाहीतर आणखी एक परीक्षा. ती चाचणी चौथीच्या नोव्हेंबरात. आमचा मुलगा आता तिसरीत आहे. जानेवारीत आलो तर त्याला जर्मन शिकायला त्या चाचणीपर्यंत दहा महिने मिळतात. नव्याने आलेल्या मुलांसाठी तयारी वर्ग असतात, मुलं भाषा भराभर उचलतात, हे सगळं खरं. आणि दादा बजावून सांगत होता की रिआलशूलला गेलेलं मूलही पुढे विद्यापीठात जातं, दारं बंद होत नाहीत. त्याच्या ऑफिसातले निम्मे इंजिनियर तसेच आलेत.

मला ते पटतं. तरी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, ज्याचं गणित चांगलं आहे, केवळ शब्द कळले नाहीत म्हणून 'तू या वाटेने जा' असं कोणी सांगावं, हे गळी उतरत नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत तरी सगळ्यांना एकाच चरकातून काढतात.

परतताना मारीनप्लात्झहून डेगरलोखला जाणाऱ्या 'झाके'त बसलो. दातेरी रुळावरून चढ चढणारी ही छोटी गाडी १८८४ पासून धावते आहे. पुढे सायकली ठेवायला उघडा डबा असतो. दातेरी रूळ म्हटल्यावर मुलगा ओरडला, "आई, तुझी ट्रेन!" आम्हाला वरखाली दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

गुरुवार

पैशांचा दिवस. बाहेर पाऊस, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर वही काढली.

ऑफर वर्षाला ८२,००० युरोची. मी कमवत नाही असं धरून, कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा कापून हातात महिन्याला ४,६०० च्या आसपास. मुलामागे सरकारचे २५५ (२०२५ चा दर). विम्यात मी आणि मुलगा वेगळा हप्ता न भरता येतो, शाळेला फी नाही. ही मोठी गोष्ट आहे, पुण्यातल्या शाळेची फी बघता फारच मोठी. खर्चात गरम भाडं, वीज, किराणा, देशभर चालणारा रेल्वे-बसचा मासिक पास (२०२५ मध्ये ५८ युरो), आणि टीव्ही असो-नसो दर घराला १८.३६ युरो प्रसारण वर्गणी. वर्षातून एकदा तिघांचं पुण्याचं तिकीट. हे सगळं जाऊन महिन्याला हजार ते पंधराशे युरो उरतील.

आकडा वाईट नाही. पण नवऱ्याने दुसऱ्या पानावर पुण्याचा हिशेब मांडला, त्याचा पगार अधिक क्लिनिक, आणि आम्ही दोघं जरा वेळ वहीकडे बघतच बसलो. शिल्लक जवळजवळ तेवढीच. युरोतला पगार दिसायला भरभक्कम, पण तो दोघांच्या कमाईच्या जागी येणारा एकट्याचा पगार होता.

मग सासूबाई. वय ७४, गुडघे दुखतात. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल नोकरदारांना आईवडिलांना आणण्याची सोय कायद्यात झाली आहे. पण खर्च आणि पुरेसा आरोग्य विमा आपण दाखवायचा, आणि या वयाच्या माणसाला खासगी विमा कोण आणि केवढ्याला देणार, हा वेगळा विषय. शिवाय त्यांना विचारलंय कोणी? निघताना त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही खुशाल जा, मी माझ्या कट्ट्यावर बरी."

शुक्रवार

संध्याकाळी दादाकडे चार मराठी कुटुंबं जमली. शनिवारी ऑल सेंट्सची सुट्टी, रविवार लागून, त्यामुळे निवांत. बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी, आणि एका काकूंनी पालक-पनीर भरून केलेले माउलटाशेन, म्हणजे सारण भरलेले इथले पिठाचे चौकोनी पदार्थ. मूळ पदार्थात मांस असतं. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून ते पिठाच्या पारीत लपवायचे, अशी त्याची कथा सांगतात. पनीर लपवायचं कारण नव्हतं, पण चव फक्कड होती.

सगळ्यांनी आम्हाला सल्ले दिले. ब्लू कार्डावर बी-वन जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, ए-वन असेल तर २७. पाच वर्षांत नागरिकत्व. जर्मनीला आता दुहेरी चालतं, भारताला चालत नाही, म्हणजे निळा पासपोर्ट सोडून ओसीआय, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. यावर बरीच चर्चा. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, म्हणून "आमचं सासर-माहेर एकच," असं एक ठाणेकर बाई म्हणाल्या. मजा आली. पण मी बघत होते, गाड्यांच्या कंपन्यांचा विषय निघाला की पुरुषमंडळींचे आवाज खाली यायचे. सप्टेंबर २०२५ मध्येच बॉशने आणखी सुमारे १३,००० नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं होतं, त्यातल्या बऱ्याच याच पट्ट्यातल्या. ऑफर देणारी कंपनी वेगळी, पण धंदा तोच. इथे कपात करताना मनाला येईल त्याला काढता येत नाही. नोकरीची वर्षं, वय, अवलंबून असलेली माणसं यांचा हिशेब करावा लागतो. नव्याने आलेल्याची वर्षं शून्य. आणि पहिले सहा महिने तर प्रोबेशनच.

रात्री भांडी आवरताना वहिनीला मी थेट विचारलं, परत यावंसं वाटतं का? ती म्हणाली, "पहिली तीन वर्षं रोज. आता पुण्यात गेले की चौथ्या दिवशी इथली शांतता आठवते." खिडकीत तिने कढीपत्त्याचं रोप जगवलंय. थंडीत त्याला हीटरपासून किती अंतरावर ठेवायचं याचं तिचं स्वतःचं शास्त्र आहे. ती मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी, आता एका बालवाडीत मदतनीस आहे आणि तिचं तिला बरं चाललंय. मी तिच्याकडे बघत होते आणि मला ते जमणार नाही हे मला कळत होतं. त्यात तिचं कमी आणि माझं जास्त असं काही नाही. ती २५ व्या वर्षी आली, माझ्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे.

शनिवार

फ्रँकफर्टच्या गाडीत आम्ही एक खेळ केला. एकमेकांना न दाखवता निर्णय आणि कारण कागदावर लिहायचं. दोघांचंही उत्तर 'नको' निघालं, कारणं मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नव्हती. मी क्लिनिक आणि कोम्पास ४ लिहिलं होतं. त्याने लिहिलं होतं: '४३ व्या वर्षी, मंदीत, शून्य वर्षांची नोकरी.' माझ्या क्लिनिकचा त्याच्या कागदावर उल्लेखही नव्हता, त्यावरून मानहाइम येईपर्यंत थोडं वाजलं.

सोमवारी तो कंपनीला कळवणार आहे: स्थलांतर नको, पण याच टीमचं काम चाकणमधून, वर्षातून दोन-तीनदा तिकडे येऊन करता येईल का? ते काय म्हणतील सांगता येत नाही. मीही वहिनीला कबूल केलंय की जानेवारीपासून ए-वनचा वर्ग लावीन. परवान्यासाठी नाही, पुढच्या वेळी त्या खालच्या आजींशी भांडता यावं म्हणून.

चिरंजीवांनाही कागद दिला होता. त्यांनी 'जायचं' असं लिहून खाली सात कारणं दिली होती, त्यातली तीन झाकेबद्दलची.